अनुक्रमांक सतरा

चोपन्नाव्या वर्षी भाऊसाहेबांनी गिटार शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे ऑफिसात आणि बिल्डिंगच्या जिन्यात या प्रश्नावर भरपूर चर्चा झाली आणि दोन्हीकडे निकाल त्यांच्या विरोधात गेला.

कारण साधं होतं. कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळी बिल्डिंग जिला वहिनी म्हणते तिला, तपासलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, "नस सुकत चालली आहे. डावा कान गेल्यात जमा आहे. उजवा सहा महिने, फार तर आठ. मग यंत्राने माणसांचं बोलणं थोडंफार लागेल. सूर मात्र लागायचे नाहीत." वहिनी म्हणाल्या, "बरं." मग त्यांनी थेंब चालू ठेवायचे का ते विचारलं, पर्सची चेन लावली आणि वाटेत कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले.

आता या बाईने कॉलेजात असताना गाण्याच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळवलं होतं. पहिलं का नाही, याचा खुलासा भाऊसाहेबांनी लग्नानंतर एकोणतीस वर्षं, महिन्यातून सरासरी दोनदा ऐकला होता. "गाण्यात खोट नव्हती हो. परीक्षक स्वतः म्हणाले. पण साथीला कोणी नव्हतं. पहिली आली तिच्या शेजारी गिटार होती." त्यानंतर तेच गाणं वहिनी कपड्यांच्या घड्या घालताना म्हणत आल्या. सूर असा पक्का, की बाहेरून कितीही गोंगाट येवो, जागचा हलायचा नाही. भाऊसाहेब पेपराच्या आडून ते ऐकत आणि पान उलटत. एकोणतीस वर्षांत "छान" हा दोन अक्षरी शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. चिमट्यांची पिशवी हातात धरून बसस्टॉपवर उभं असताना त्यांना हे आठवलं आणि मनातून फार वाईट वाटलं. कान जायच्या आत एकदा, एकदाच, त्या गाण्याला साथ मिळाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

वहिनींना मात्र काही सांगायचं नाही, हेही तिथेच ठरलं. भाऊसाहेब पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. कच्चा मसुदा वर पाठवायचा नाही, वर जाते ती स्वच्छ प्रत, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. बायकोपुढे खाडाखोड असलेलं गाणं ठेवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

शिकवणारे मास्तर एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत बसत. माणूस अवाढव्य. गिटार त्यांच्या पोटावर ठेवली की खेळण्यातली वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊसाहेबांचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. भाऊसाहेबांनी आयुष्यभर दोन बोटांनी टाइपिंग केलेलं होतं, बाकीची आठ शोभेला होती.

"पहिला महिना बोटं रडतील," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या महिन्यात घरचे रडतील. तिसऱ्या महिन्यात गाणं येईल."

गाण्याला चार कॉर्ड लागत होत्या. तीन माणसात बसणाऱ्या. चौथी एफ. तिच्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं निजवायचं, सगळ्यांना एकदम दाबायचं, आणि तरी प्रत्येक तार स्वच्छ बोलली पाहिजे. एकाने सहा जणांना दाबून ठेवायचं आणि वर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचंही, हे भाऊसाहेबांच्या नोकरीतल्या एकूण अनुभवाच्या विरुद्ध होतं. त्यांची एफ 'थड्' असा आवाज करी. मास्तर म्हणाले, होईल, दाबत राहा.

खरी भानगड पाठांतराची झाली. "गाणं म्हणत वाजवा," मास्तर सांगत. "शब्द आला की बोट आपोआप जातं." आपोआप या शब्दावर भाऊसाहेबांचा विश्वास नव्हता. ऑफिसात काही आपोआप गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, कागदसुद्धा. त्यांनी एक तक्ता आखला. अनुक्रमांक, ओळ, कॉर्ड, बोटांची जागा, शेरा. एकूण अठ्ठेचाळीस नोंदी. दहा दिवसांत, आंघोळीच्या वेळी आणि बसच्या रांगेत, त्यांनी तक्ता तोंडपाठ केला. सतरा, एफ, शेरा : अवघड. वाजवताना ते गाण्याचे शब्द न म्हणता "चौदा, पंधरा, सोळा" असं पुटपुटत.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "भाऊसाहेब, गाणं म्हणताय का हजेरी घेताय?"

"हजेरीत चूक होत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"बरं, दुसऱ्या कडव्यापासून घ्या."

"ते पंचविसापासून आहे. तिथे जायचं तर एकपासून निघावं लागेल."

आणि खरोखरच, मध्ये शिंक आली, शिंप्याने कात्री मागितली, काहीही झालं, की त्यांची गाडी परत एकवर येई. मास्तर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून घेत. गाण्याची पहिली ओळ त्यांनी त्या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकली, की कपडे शिवून घ्यायला येणारी माणसंही ती गुणगुणत जाऊ लागली.

बोटांच्या टोकांना फोड आले, मग घट्टे पडले. भाऊसाहेबांच्या बरोबर खालच्या घरात निवृत्त कंपाउंडर राहत. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी बसल्यामुळे ते डॉक्टरांपेक्षा लवकर निदान करत. त्यांनी जिन्यात भाऊसाहेबांचा हात धरला, बोटं चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "टोकांना बधिर वाटतं? मुंग्या येतात?"

"येतात, पण ते..."

"शुगर," कंपाउंडर म्हणाले. "पायांकडे लक्ष ठेवा."

गिटारीबद्दल अवाक्षर काढायचं नसल्याने भाऊसाहेबांना नाही म्हणता येईना. दोन दिवसांत बातमी चार मजले चढली. ज्याच्या घरी जावं तिथे त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा येऊ लागला, वर "आमच्या मामेसासऱ्यांचा अंगठा काढावा लागला" अशा दिलाशाच्या गोष्टी. वहिनींपर्यंत बातमी कुणीतरी कानाशी ओरडून पोचवली. त्यांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली. नवऱ्याने एकट्याने का म्हणून कडू प्यावं, असा त्यांचा हिशेब. भाऊसाहेबांना तो प्रत्येक घोट लागायचा. पण ते म्हणत, तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

घरी सराव शक्य नव्हता, म्हणून त्यांनी एक गिटार विकत घेतली, रात्री ती मास्तरांच्या खोलीत ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या अभिलेख कक्षात वाजवायचं ठरवलं. तिथे जुन्या फायलींशिवाय कुणी नसे. गेटवर वॉचमनच्या वहीत रकाने होते : छत्री, डबा, हेल्मेट, इतर. वॉचमनने गिटारीकडे बराच वेळ पाहिलं आणि 'इतर'मध्ये लिहिलं, 'लाकडी वस्तू, एक'. भाऊसाहेबांना तो मजकूर पुरेसा नेमका वाटला नाही, पण सुट्टी संपत आली होती. इथे ते चुकले. चुकीची नोंद त्याच जागी दुरुस्त करावी, हे त्यांनीच कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एफ अजून 'थड्' म्हणत होती, पण जरा मऊ. मग एका शुक्रवारी त्यांनी गिटार मांडणीवर ठेवली आणि ते घरी गेले. शनिवारी भांडारपाल वार्षिक मोजणीला आला. मांडणीवर लाकडी वस्तू एक, आणि तिच्यावर नंबर नाही. भांडारपाल कर्तव्यदक्ष माणूस. बिननंबरी म्हणजे ऑफिसच्याच सामानाच्या यादीत चढवायची राहिलेली, असं त्याने धरलं. त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने, गिटारीच्या अगदी दर्शनी भागावर, 'डेडस्टॉक ११४२' असं सुवाच्य अक्षरात रंगवलं.

सोमवारी संध्याकाळी वॉचमनने गिटार अडवली. "नंबर पडलाय, भाऊसाहेब. नंबर पडलेलं लाकूड सहीशिवाय बाहेर जात नाही. तुमचंच परिपत्रक आहे." ते त्याच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेलंच होतं. दोन वर्षांपूर्वी दोन खुर्च्या गायब झाल्यावर भाऊसाहेबांनी ते लिहिलं होतं. त्यांनी तिथे उभं राहून ते पुन्हा वाचलं. कुठेही पळवाट ठेवलेली नव्हती. त्याही अवस्थेत त्यांना मसुदा चांगला वाटला.

गिटार भांडारात कुलपात गेली. भाऊसाहेबांनी घरून खरेदीची पावती आणली. पावतीवर 'गिटार' होतं आणि वहीत 'लाकडी वस्तू'. दोन्हींचा मेळ बसेना. "एकच मार्ग आहे," भांडारपाल म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "समितीने वस्तू निकामी ठरवली, की ती यादीतून काढता येते. मग ज्याला हवी त्याने घेऊन जावी."

"समिती कधी बसते?"

"सहा आठवड्यांनी. पण नक्की बसते."

ते सहा आठवडे भाऊसाहेबांनी लाकडी फूटपट्टीवर काढले. पट्टीवर सहा रेघा ओढून ते सुट्टीत तिच्यावर बोटं दाबत आणि आकडे पुटपुटत. शेजारच्या टेबलावरचा कारकून एक दिवस हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, शुगर डोक्यातही जाते म्हणतात. रजा घ्या की."

घरी रजा घ्यावी असं काही उरलं नव्हतं. आधी वहिनींना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मग रेडिओचा आवाज वाढला, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली, आवाज आणखी वाढला, आणि एक दिवस रेडिओ बंदच झाला. टीव्हीचा आवाज बंद करून वहिनी बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघत बसत. एका रविवारी घड्या घालता घालता त्यांनी गाण्याची ओळ घेतली आणि अर्ध्यावर थांबल्या. मान एका बाजूला कलती करून त्या थोडा वेळ बसून राहिल्या, आणि मग मुकाट्याने चादरीची घडी घातली. भाऊसाहेबांना त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं, अगं मी शिकतोय, तू म्हण, मी कशीबशी साथ देतो. मास्तरांकडून एक गिटार मागून आणायची, की झालं. पण सतरा नंबर अजून येत नव्हता. आणखी पंधरा दिवस, त्यांनी स्वतःला बजावलं. सगळ्या प्रकारात त्यांचा एकट्याचा असा गुन्हा कुठला असेल तर तो हा.

समिती बसली. भांडारपाल, नळदुरुस्तीचे इंजिनिअर आणि हिशेब शाखेच्या एक बाई. इंजिनिअरांनी गिटार उचलून बोटाच्या पेराने ठोकली आणि म्हणाले, "आतून पोकळ आहे." मग म्हणाले, "चालू स्थितीत आहे की नाही, हे चालवून पाहिल्याशिवाय कसं लिहायचं? कुणाला चालवता येते?"

भाऊसाहेबांनी हात वर केला.

ज्या गाण्यासाठी पाच महिने जीव काढला, ते पहिल्यांदा संपूर्ण वाजलं ते या तिघांपुढे, फुटक्या मीटरांच्या ढिगाशेजारी, स्टुलावर. तारा दमटपणाने उतरल्या होत्या, सहा आठवड्यांत बोटांचे घट्टेही गेले होते. सोळापर्यंत ते नीट गेले. सतराला 'थड्'. सवयीने पुन्हा एकपासून. पुन्हा 'थड्'. तिसऱ्या खेपेला ते डोळे मिटून, दात आवळून, अठ्ठेचाळीसपर्यंत गेले. डोळे उघडले तेव्हा हिशेबाच्या बाई जमिनीकडे पाहत होत्या.

"मला वाटतं एकमत आहे," इंजिनिअर म्हणाले.

दाखल्यावर लिहिलं गेलं : 'प्रत्यक्ष चालवून पाहिले. वापरास पूर्णपणे अयोग्य. दुरुस्तीचा उपयोग होणार नाही.' तिघांच्या सह्या, खाली शिक्का. भाऊसाहेबांनी सवयीने कागदात चूक शोधली. सापडली नाही. भांडारपाल त्यांना दारापर्यंत सोडायला आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तो शेरा वस्तूबद्दल आहे हं, भाऊसाहेब. तुमच्याबद्दल नाही." तोवर भाऊसाहेबांच्या मनात ती शंका आलीच नव्हती.

पाठीवर ११४२ घेऊन ते घरी आले, तेव्हा जिन्यावरून पाणी उतरत होतं. आपल्याच मजल्यावरून. दारात कंपाउंडर उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरलेला, आणि छताला भेगा जातील अशा आवाजात वहिनींवर ओरडत होते. वहिनी शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हळू बोला," वहिनी म्हणाल्या. "आणि तोंड नीट उघडा, म्हणजे कळेल मला."

"पाणी!" कंपाउंडरांनी खाली बोट दाखवलं. "माझ्या औषधांच्या कपाटात पाणी! दीड तास नळ वाहतोय वहिनी, बहिऱ्या आहात का?" आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांचा आवाज एकदम बसला. भाऊसाहेबांच्या पाठीवरची गिटार त्यांना दिसली. "पुसून घ्या, घसराल," एवढं म्हणून ते हळूहळू खाली उतरून गेले.

भाऊसाहेबांनी मोरीतला नळ बंद केला. पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कच्या घरात दीड तास नळ वाहतो, यावर एरवी त्यांनी भाषण दिलं असतं. वहिनी फडकं घेऊन आल्या होत्या.

"गुरुवारपासून उजवाही गेला," त्या म्हणाल्या. आवाज जरा जास्तच मोठा. "सांगणार होते तुम्हाला. पण तुम्ही रोज इतके दमून येता, त्यात ही शुगर."

भाऊसाहेब ओल्या फरशीवरच बसले. आज सोमवार होता. त्यांना परिपत्रकाचा राग आला, भांडारपालाचा आला, आणि मग सगळा राग फिरून स्वतःवरच आला. खिशातली डायरी काढून त्यांनी लिहिलं : 'तुझ्या गाण्याला साथ करायला शिकत होतो. पाच महिने. मला शुगर नाही.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग गिटारीकडे, मग तिच्यावरच्या नंबराकडे पाहिलं.

"शुगर नाही?" त्या म्हणाल्या. "अहो, चार महिने मी तो कडू चहा पितेय!"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

"आणि पाच महिने शिकताय, तर घरी का नाही वाजवलंत?"

'नीट येत नव्हतं,' त्यांनी लिहिलं.

"नीट कुणाला हवं होतं?" वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फडकं पिळलं, कोपरा पुसला, पुन्हा पिळलं. मग त्या भिंतीला टेकून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वाजवा. बघते तरी."

भाऊसाहेबांनी वाजवायला घेतलं. वहिनी एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, टीव्हीवरच्या बाईकडे बघायच्या तशा. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नऊ? दहा? अकरा?" त्या म्हणाल्या. "अहो, हे कुठलं गाणं?"

त्यांनी ओशाळून बोटांकडे खूण केली. वहिनींना हसू फुटलं. किती महिन्यांनी त्या हसत होत्या, आणि किती मोठ्याने हसतोय हे त्यांना कळत नव्हतं. "हा माणूस!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आकडे बंद करा आधी. मी म्हणते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा आणि वाजवा."

आणि त्यांनी सुरुवात केली. 'उशीर झाला तरी ये, दार लोटलंय, लावलं नाही.' पहिलाच सूर खाली गेला होता. दुसरा त्याच्याही खाली. मग एकदम वर, भलतीकडेच. बाहेरच्या गोंगाटाने कधी न हललेला तो सूर आता खोलीभर भरकटत होता आणि वहिनी डोळे अर्धवट मिटून, मान डोलवत, पूर्वी म्हणायच्या तशाच तल्लीन होऊन म्हणत होत्या. मध्येच त्या पहिलं कडवं अर्धं सोडून दुसऱ्यावर गेल्या. भाऊसाहेबही गेले. एकपासून न निघता ते तिथे कसे पोचले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एफ आली आणि 'थड्' म्हणाली, त्यांनी थांबून पाहिलं नाही. त्यांना रडू येत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

गाणं संपलं. वहिनींनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"सुरात होतं ना हो?"

"अगदी," भाऊसाहेब म्हणाले. तोंड नीट उघडून, तिला स्वच्छ दिसेल असं.

"मग परत म्हणू या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी आधीपेक्षाही खाली सुरुवात केली. भाऊसाहेबांनी पहिली कॉर्ड लावली.